ओनोदेरा-सानची पुंगळी

तीर्थरूप बाबांना,
होक्काइदोच्या बर्फातून कस्तुरीचा नमस्कार.

मी ठीक आहे. आईने दिलेली कानटोपी रोज घालते. तुमचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढताय ना?

हरणांच्या अभ्यासासाठी मी ओनोदेरा-सान या इथल्या जुन्या शिकाऱ्याबरोबर शिकारीला जाते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची रायफल जुनी, लिव्हरवाली, थर्टी-थर्टी काडतुसाची, जिवापाड जपलेली. रविवारी त्यांनी एकाच गोळीत हरीण पाडलं. लिव्हर ओढताच काडतुसाची रिकामी पुंगळी उडून माझ्या बुटाशी पडली. पितळ अजून गरम होतं. वाटलं, दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं पुंगळ्या तपासलेल्या माझ्या बाबांना ही दाखवावी. न विचारता खिशात टाकली.

इथे प्रत्येक पुंगळी पोलिसांना दाखवावी लागते, हे मला संध्याकाळी कळलं. एक जरी कमी पडली तरी त्यांचा परवाना जाईल, आणि रायफलही. तीन दिवस ओनोदेरा-सान गुडघ्यांवर बसून बर्फ उकरताहेत. मीसुद्धा शेजारी बसून उकरते, बाबा! तोंडच उघडत नाही. सांगितलं तर मला पुन्हा कोण बरोबर नेईल? व्हिसाचं काय होईल? आईला यातलं काही बोलू नका.

आठवतं? एकदा एक पुंगळी चुकून तुमच्या खिशातून घरी आली होती. तुम्ही भरल्या ताटावरून उठून ती परत करायला सायकलने खडकीच्या कारखान्यात गेला होतात.

आज ओनोदेरा-सानच्या बायकोने मला त्याच हरणाचं कालवण वाढलं. पुंगळी माझ्या खिशातच होती. मी ताट संपवूनच उठले, बाबा.

तुमची,
कस्तुरी