एकोणीस मिलिमीटर

प्रिय दादा,

तुझा शॉकअप परवा मिळाला. सोबतची चिठ्ठीही. 'स्प्रिंग कडक झालीय. वळणात मागचं चाक उड्या मारतं, भरवसा वाटत नाही. बघ जरा.' एवढंच. एरवी तू नटबोल्ट पाठवलेस तरी सोबत दोन पानं गप्पा असतात.

काल सकाळी दुकान उघडलं आणि आधी तेच काम घेतलं. शॉकअप खोलला. तेल स्वच्छ होतं, दांड्यावर ओरखडा नव्हता, सील कोरडं होतं. स्प्रिंग काढून प्रेसखाली धरली. दहा मिलिमीटर दाबायला एकशे वीस किलो लागले. बारा वर्षांपूर्वी तुझ्या गाडीला बसवली तेव्हाही एकशे वीसच लागले होते. कपाटाच्या दारावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. फिरवून पुन्हा दाबली. मग तिसऱ्यांदा. मला दोष सापडायला हवा होता. बारीकशी चीर, वाकलेला दांडा, काहीही चाललं असतं. दादा, वापरून स्प्रिंग कडक होत नसते. झालीच तर मऊ होते. हे तुलाही माहीत आहे, आणि तरी तू ती पाठवलीस.

बारा वर्षांपूर्वी तू ही मोटरसायकल विकायला काढली होतीस. घाटात प्रत्येक वळणाला ती बाहेर जायची. तुझे मित्र पुढे निघून जायचे आणि वर थांबून ओरडायचे, रणगाडा आला, रस्ता मोकळा करा! तू त्यांच्याहून मोठ्याने हसायचास. घरी आल्यावर मात्र मला म्हणालास, पाना, मी पडलो जाडा माणूस, वळणं माझ्यासाठी नाहीत. मी तेव्हा बाबांच्या हाताखाली नुकतीच शिकायला लागले होते, आणि शिकणाऱ्याला असतो तेवढा तोरा मला होता. म्हटलं, आधी मोजू दे, मग रड. कारखान्यातून गाडी येते ती सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी. तू बसलास की मागची बाजू पन्नास मिलिमीटर खाली जायची, पुढचं चाक हलकं पडायचं आणि हँडलला रस्ता लागायचाच नाही. हेडलाइटचा झोत झाडांवर. बाबा म्हणाले होते, अरे, रस्त्यावर उजेड पाड, पाखरांना झोपू दे. चूक तुझ्या अंगाची नव्हती, स्प्रिंगची होती. तुला हे खरं वाटायला तीन दिवस लागले.

बाबांचा चिठ्ठीचा नियम अजून मी पाळते. दुकानात कुणाचं वजन मोठ्याने बोलायचं नाही. हेल्मेट, जाकीट, बूट चढवून जे भरतं ते गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी करून द्यायचं. बाबा ती उघडायचे आणि मनातल्या मनात आठ मिळवायचे, कारण भल्या माणसानेही आठ किलो चोरलेलेच असतात. तू एकशे अडतीस लिहिलं होतंस. बाबांनी सवयीने आठ मिळवले, स्प्रिंग बसवली, आणि गाडी काही हवी तेवढी खाली बसेना. शेवटी तुला पार्सलच्या काट्यावर उभं केलं. बरोबर एकशे अडतीस! बाबा डोक्याला हात लावून म्हणाले, कार्टं खरं बोलतंय, आता आली का पंचाईत. मग ही एकशे वीसची बसवली. तू बसलास, मी पट्टी धरली, चौतीस मिलिमीटर. तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी तू घाटाच्या माथ्यावरून फोन केलास. फोनमध्ये वारा घोंघावत होता. म्हणालास, वळली गं. आणि फोन ठेवलास.

पंधरा दिवसांपूर्वी तू फोनवर तक्रार केलीस तेव्हा मी म्हटलं, सगळा पोशाख चढवून बस आणि वहिनीला पट्टी धरायला सांग. चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत, आधी चाक अधांतरी असताना आणि मग तू बसल्यावर. वहिनीने दोन्ही आकडे नीट वाचले, वजाबाकीही स्वतःच केली. एकोणीस, म्हणाली. मी विचारलं, किती? ती पुन्हा म्हणाली, एकोणीस. दुसऱ्यांदा सावकाश म्हणाली. तेवढ्यात तुझा आवाज आला, अगं पट्टी तिरकी धरलीस, आण इकडे तो फोन. आणि मला म्हणालास, चौतीस आहे, चौतीस लिही.

दादा, गाडी चौतीस बसत असती तर तू तक्रार केलीच नसतीस. खोटं बोलायचं तर तीस म्हणायचं, सदतीस म्हणायचं. तुला पाठ असलेला एकच आकडा तू सांगितलास, आणि तो मीच तुला शिकवलेला. तुझ्या गाडीवर एक मिलिमीटर म्हणजे पावणेतीन किलो. पंधरा मिलिमीटरचे किती, हे तूही करून पाहिलं असशील. मी कागदावर केलं. कागद उलटा ठेवला आणि एका बाईची चेन घट्ट करून दिली. मग पुन्हा केलं. चाळीस. या दुकानात आजवर सगळ्यांनी वजन कमी सांगितलं. जास्त सांगणारा तू पहिला.

वहिनीने दोनदा सांगितलं होतं, मीच पंधरा दिवस ऐकलं नाही. तिला रागावू नकोस.

दीड वर्षात तू दोनदा येतो म्हणालास आणि आला नाहीस. फोटो पाठवतोस त्यात डावा इंडिकेटर फुटका आहे. तो मी दोन वर्षांपूर्वी बदलला, म्हणजे फोटो त्याआधीचे. फोनवर आवाज बसलेला वाटला तेव्हा धूळ म्हणालास. मी धूळ मानली. मानणं सोपं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं जेव्हा बाबांच्या कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. तू दुकानातल्या पंचने ती पाडून द्यायचास. मी विचारलं तर म्हणालास, बाबा गोड कमी खातायत. पाच भोकं. पाचव्या भोकापर्यंत तुम्ही दोघांनी मला काही सांगितलं नाही. मला त्रास होऊ नये म्हणून. तू सांगितलंस तेव्हा बाबांचे आठच दिवस उरले होते आणि त्यांना बोलताही येत नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसून काय करायचं होतं? हा प्रश्न मी तुला कधी विचारला नाही. आज विचारते. उत्तर नको.

बरा होशील असं मी लिहिणार नाही. चाळीस किलो कसे जातात ते मी एकदा पाहिलं आहे, आणि तू लपवतो आहेस यावरून डॉक्टर काय म्हणाले असतील तेही कळतं. मला तुझ्याकडून धीर नको आणि तुला द्यायला माझ्याकडेही नाही. माझ्याकडे स्प्रिंगा आहेत. तुझ्या गाडीसोबत कारखान्यातून आलेली मूळ स्प्रिंग तू तेव्हा मला दिली होतीस, म्हणालास, ही सडपातळ लोकांची, भंगारात टाक. मी टाकली नव्हती. बारा वर्षं ती मागचं दार उघडं राहावं म्हणून लावलेली असते. काल ती घासली, प्रेसखाली धरली. दहा मिलिमीटरला पंच्याऐंशी किलो. आजच्या तुला ती बरोबर बसते. शॉकअपला चढवली आहे. दार सकाळपासून आपटतंय.

शॉकअप पार्सलने पाठवणार नाही. शनिवारी दुकान बंद ठेवून मी तो घेऊन येते, हे कळवायला हे पत्र. फोन केला असता तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. बूट, जाकीट, हेल्मेट कपाटातून काढून तयार ठेव. चिठ्ठी लिहू नकोस. तू गाडीवर बस, वहिनी गाडी धरेल, पट्टी मी धरीन. आकडा कुणी मोठ्याने बोलायचा नाही. मग अंगात असेल तेवढं, दोन वळणं का होईना, जाऊन ये. ती वळेल. पण मी यायला उशीर केला तर उपयोग नाही, कारण याहून मऊ स्प्रिंग माझ्याकडे नाही.

तुझीच,
पाना