ओट्यावरचे तीन काचेचे लाइट

२ ऑक्टोबर, दसरा
नागपूरवरून आणलेले तीन काचेचे हँगिंग लाइट आज किचनच्या ओट्यावर लटकले. मोहाडीत कोणाच्याच घरी असे नाहीत. फिटिंग माझ्या साळ्यानं केलं, श्यामरावनं. साकोलीत वायरिंगची कामं घेतो, म्हणून लाइटमधलं सगळं आपल्यालेच कळते असं त्याले वाटते. म्हणाला, भाऊजी, फोडणीच्या डोक्यावर काच काहून लावून राहिले, दिवाळीपर्यंत पिवळी पडन. सुमित्रानं भावाचीच बाजू घेतली. बायको आपली, पार्टी साळ्याची.
मग मी सांगून टाकलं. रोज पुसायचं काम माझं. भाऊबीजेले ये अन् या काचेत पाहून भांग पाड. एक डाग दिसला तर तिन्ही काढून साकोलीले घेऊन जा. श्यामराव म्हणाला, पिशवी घेऊनच येतो.
शर्त म्हणजे शर्त. कापडाचं दुकान आहे आपलं, पुसायले फडकं कमी पडणार नाही.

५ ऑक्टोबर
काच पिवळी. इतक्यात. सुमित्रा फोडणीले तेल फार घालते, हे लग्नानंतर आज पहिल्यांदा सिद्ध झालं. कमी घाल म्हटलं तर म्हणे, मग उकडलेलंच खा.
व्हिडिओवाला म्हणे व्हिनेगर लावा. घरी निंबू होतं. काचेवर पट्टे आले. पुन्हा स्टुलावर चढलो. उतरताना पाय ओट्यावरच्या परातीत पडला. परातीत भिजवलेली कणीक होती. परात ओट्यावर ठेवायची कायले, असं मी शांतपणे विचारलं. सुमित्रानं परात उचलून खाली ठेवली. म्हणजे पटलं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
तुडतुडे आले. धानावरचे, हिरवे. दरवर्षी येतात, पण यंदा गावातले बाकी सगळे लाइट सोडून सरळ आमच्या किचनात. काचेत ढीग, वरणात पण. ऑर्डर काढली: दिवस बुडला की किचनचे लाइट बंद. तेजस्विनी म्हणे, बाबा, मग आणले कायले? पोरगी कॉलेजात जाते. तिथं लॉजिक शिकवत नाहीत असं दिसते.

११ ऑक्टोबर
लाइट बंद, तरी चिकटा. आता कडक निर्णय. दिवाळीपर्यंत किचनमध्ये फोडणी नाही, तळण नाही. सुमित्रा भांडन म्हणून मी पॉइंट पाठ करून गेलो होतो. ती म्हणाली, बरं. बस. माणूस ठाम राहिला की घर ऐकते. पॉइंट वाया गेले, याचं थोडं वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर
फडकं पांढरंच निघालं. चिकटा नाही, पट्टे नाहीत, काही नाही. आधी निंबू, मागून पेपर. माझी मेथड. श्यामरावले तोंड दाखवायले जागा राहणार नाही.
घरभर चकलीचा वास. शेजारी ललिताबाईकडे तळण चालू असन. ताटात चकल्या पण आल्या, गरम. चांगली बाई आहे.

१७ ऑक्टोबर
चहा करायले किचनात गेलो तर शेगडीच नाही. सर्व्हिसिंगले दिली असन. सिलिंडर पण नाही, मसाल्याचा डबा पण नाही. दिवाळीची साफसफाई या बाया कुठपर्यंत नेतात, काही हिशेब नाही. तेवढ्यात मागच्या सपरीतून, त्या पडवीवजा खोलीतून, सुमित्रानं आवाज दिला, चहा इकडे आहे. आजकाल तिकडेच बसून राहते. मोकळी हवा पायजे म्हणे. हवा तर आता किचनची चांगली झाली आहे. कशाचाच वास येत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
खिडक्या लावून घेतल्या अन् तिन्ही लाइट लावले. असे चमकले की माझं मलेच भरून आलं. दाखवायले कोणी नव्हतं. सगळे मागे होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
श्यामराव आला. पिशवी होती. काचेवर बोट फिरवलं, बोट पाहिलं, दुसरं बोट फिरवलं. म्हणाला, मानलं भाऊजी. मी त्याले मेथड समजावून देऊन राहिलो होतो, तर त्याची नजर ओट्यावर गेली. म्हणे, ताई स्वयंपाक कुठं करते? तितक्यात मागून पातोडीच्या रश्श्याची फोडणी वाजली.
सपरीत शेगडी, सिलिंडर, परात, डबे, सगळं मांडून होतं. वर साधा बल्ब, त्याले तुडतुडे लागलेले, अन् खाली मायलेकी हसून राहिल्या होत्या. हे कधीपासून, मी विचारलं. तुमची ऑर्डर निघाली तेव्हापासून, सुमित्रा म्हणाली. मी मोठ्या मनानं सांगितलं की शर्त संपली, आता फोडणीले परवानगी आहे, सामान आत आण. तिनं पातोडी हलवली. म्हणे, राहू द्या. तुमचं मन तिकडं लागते, माझं इकडं लागते. इथं कोणी स्टूल घेऊन येत नाही.
ओवाळून झाल्यावर श्यामरावनं विचारलं, ताई, ओवाळणी काय देऊ? म्हणाली, सपरीच्या दाराले कडी बसवून दे. आतून.
त्यानं बाजारातून आणून लगेच बसवली पण.
शर्त मी जिंकलो. हे इथं लिहून ठेवतो, कारण तिकडं ऐकायले कोणाले टाइम नव्हता. कडी पितळेची आहे. पितळ काळं पडते, त्याले चिंच लावा लागते, हे यांना कोण सांगन? मीच दाराबाहेरून सांगितलं, अन् आठवड्यातून एकदा घासून देतो असंही म्हटलं.
आतून कडी लागल्याचा आवाज आला. ताट मात्र खिडकीतून दिलं.