वाळूचं टेकाड आणि पितळी शिट्टी

सर, निवृत्त होताना तुम्ही मला दिलेल्या पितळी शिट्टीविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. आतली बुचाची गोळी सुकली आणि शिट्टीने ऐनवेळी दगा दिला, असं मी बुधवारी मुख्याध्यापकांना लिहूनही दिलं. 'फुंकर पूर्ण, परंतु ध्वनी शून्य.' वाचून ते गंभीर झाले. तुम्ही संस्कृत शिकवलंत, त्याचा एवढा तरी उपयोग.

नारपोलीच्या शाळेत इतिहासाला कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही रूपावली घोटून घेता घेता इंग्लंडही जिंकायचात. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात हेस्टिंग्जची लढाई अगदी खरी वाटे. वर्ग मैदानात, अर्धे समुद्रापलीकडून चालून आलेले नॉर्मन, अर्धे तिथलेच सॅक्सन. हरलेल्यांनी घमेल्यांनी वाळू वाहायची आणि जिंकलेल्यांसाठी टेकाड रचायचं. लढाई एका दिवसात आटपते, म्हणायचात, राज्य बसवायला किल्ला लागतो. तो लोकांची घरं पाडून, त्यांच्याच डोक्यावरून माती वाहवून उभा राहतो. मी एरवी मार खाणारा. त्या दिवशी नॉर्मन झालो, हातात लाकडी फूटपट्टी आली, आणि एक सॅक्सन सावकाश चालतोय म्हणून त्याच्या कानशिलावर हाणली. रक्त आलं. मी पट्टी पुन्हा उचलतोय तोच तुमची शिट्टी. "पहिला फटका पोरानं मारला," माझा कान धरून तुम्ही म्हणालात, "दुसरा नॉर्मन मारणार होता. मधे शिट्टी पाहिजे, गाढवा."

आता टेमघरच्या शाळेत मी तोच खेळ नववीला घेतो. बुधवारी आधी इंग्लंडच्या उत्तरेतलं बंड सांगितलं: नव्या नॉर्मन राजाने गावंच्या गावं पेटवली, धान्य, बियाणं, नांगर, गुरं, सगळं जाळलं, वाचलेली माणसं भुकेने मेली आणि प्रेतं पुरायलाही कुणी उरलं नाही. वर्ग श्वास रोखून ऐकत होता आणि मी रंगात आलो होतो. मग मैदान. सॅक्सनांत पाड्यावरची एक मुलगी होती. तिचा बाप गोदामांसाठी भातखाचरांत भराव टाकायला रोजंदारीवर जातो. दुसऱ्या घमेल्याला ती थांबली. "घर आमचा पाडला, नि माती पन आमीच व्हायची? न्हाय." घमेलं तिने तिथेच उलटं केलं. "अरे, मार सैक्सन को!" टेकाडावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे नॉर्मन फूटपट्ट्या उगारत खाली धावले. पहिला फटका तिच्या खांद्यावर. दुसरा तोंडावर. ती पडली तशा लाथा सुरू झाल्या. सहावा फटका उभ्या पट्टीचा, डोळ्यात.

दवाखान्यात तिचा बाप बाकावर बसलाय, पायांना अजून भरावाची लाल माती. मला बघून उठतो, मलाच चहा आणून देतो. "खेलता खेलता झाला, सर. शिटी वाजली न्हाय, पोरी सांगत्यात. तुमी तरी काय करनार?" मी मान हलवतो. चहा पितो. डोळ्यावरचं बँडेज सोमवारी निघेल. दिसेल की नाही, डॉक्टर बोलत नाहीत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे कागद वहीतच राहतील, म्हणून लिहितो. शिट्टी ठणठणीत आहे. आत्ताच गच्चीवर वाजवून पाहिली, तर खालचं कुत्रं उठून उभं राहिलं. बुधवारी ती पहिल्या फटक्यापासून माझ्या ओठांत होती. मी फुंकलीच नाही. इतक्या वर्षांत खेळ इतका खरा कधी झाला नव्हता, आणि मला पुढचा फटका बघायचा होता. तिचा डोळा जाईल, ही भीती आहेच. पण तो वाचला, तर हे मी कुणालाच कधी सांगणार नाही, याची मला जास्त भीती वाटते.