पुसलेला खडू

वुल्व्हरहॅम्प्टन
रविवार, १५ जून १९३०

प्रिय हॉरिस यास,

अक्षर ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकलं नसशील, तर आधी खुशाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा मोडलेला पाय जुळला, पण जिना चढवत नाही, म्हणून तिचा पलंग खालच्या खोलीत खिडकीपाशी आणलाय. तिथून तिला रस्त्यावरचे सगळे दिसतात आणि प्रत्येकाबद्दल तिला काहीतरी म्हणायचं असतं. तुमची दोघांची पत्रं चालतात हे मला माहीत आहे. तुझी पाकिटं ती कोळशाच्या डब्यामागे लपवते. आज चॅपलमधून आल्यावर मी मटण भाजलं, तर म्हणाली, "पोराला त्या मॅन बेटावर कोण देतंय पुदिन्याची चटणी?"

कारखान्यात आता तेवीस माणसं उरलीत. आपण शाळेत होतो तेव्हा सत्तर होती. बाबा सांगायचे ते आठवतं? थोरल्या ब्रॅडनॉकसाहेबांनी आणि त्यांनी चॅपलमागच्या शेडमध्ये पहिली मोटरसायकल जोडली, तेव्हा पाद्रीबुवा तक्रार घेऊन आले, की हिच्या फटफटीपुढे माझं प्रवचन कुणाला ऐकू येत नाही. थोरले म्हणाले, "मग जरा जोरात करा की!" कुलपं बनवणारी माणसं ती, इंजिन दुसरीकडून विकत आणायची, पण फ्रेम मात्र आपल्या भट्टीतली. युद्धात सैन्याला गाड्या दिल्या. पुढे बेटावरच्या शर्यतीत सहावे आलो, त्या वर्षी एकही भट्टी विझली नव्हती. आता चारातल्या तीन थंड आहेत. धाकटे साहेब परवा तिकडे निघताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली गाडी शुक्रवारी शेवटपर्यंत धावली तरी पुरे. नाही धावली, तर नाताळात या छपराखाली दुसऱ्याच कुणाचा तरी माल असेल."

म्हणजे सगळ्यांचा जीव तुझ्यावर टांगलेला. तुला हे आवडत असणार.

नवी गाडी काल गेली. उद्यापर्यंत तुझ्याकडे पोचेल. टाकीवरच्या सोनेरी रेघा माझ्याच हातच्या आहेत. जुन्या गाडीवर सराव चांगला चाललाय असं ऐकलं. नवी हातात आली की एवढं कर: हँडलच्या खाली, जिथे पुढची नळी सांध्यात शिरते, तिथे लहान हातोडीने ठोकून आवाज ऐक. तसं काही नाही. सांधे झाळणारा जॉब ट्रँटर बुधवारपासून तापाने पडलाय आणि घाईत काम झालं, म्हणून म्हटलं.

आत्ता त्याच्याकडेच चाललेय. चार वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि हातोडीबद्दल लिहिते आहे, तर तू हसशील. हस, पण ठोकून बघ.

ॲडा


सोमवार, १६ जून

हॉरिस,

तुझी तार मिळाली. "या वेळी कोण मरतंय?" पोस्टातल्या मुलीने ती काउंटरवरून मोठ्याने वाचून दाखवली आणि मागे रांगेतली माणसं माझ्याकडे बघू लागली. बरोबर आहे तुझं. मी सकाळी "फ्रेम धोक्याची, चालवू नकोस" अशी तार केली आणि तुला दोन वर्षांपूर्वीची माझी खोटी तार आठवली: "आई अत्यवस्थ, ताबडतोब ये." तू शर्यत सोडून धावत आलास, तर आई परसात कपडे पिळत होती. लांडगा आला रे आला म्हणून मी एकदा ओरडले आहे, आता खरा आला तर कोण ऐकणार? ब्रॅडनॉकसाहेबांना तार केली तर ते तुलाच विचारतील आणि तू म्हणशील, माझी बहीण आहे, सोडा. मी स्वतः यावं तर आईला उठवून बसवायलाही दुसरं माणूस नाही.

म्हणून आता नीट लिहिते. टाकून देऊ नकोस.

आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे, पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नळी सांध्यात बसवायची, खिळा ठोकायचा, मग भट्टीत लाल करून फटीत वितळलेलं पितळ सोडायचं. पितळ सगळीकडे भरलं नसेल तर झाळणारा त्या सांध्याभोवती खडूने गोल काढतो. तो गोल ज्याने काढला त्यानेच पुसायचा. साहेब आले तरी हात लावायचा नाही. बाबांनी एका नव्या माणसाला यावरून कानफटात मारली होती.

बुधवारी दुपारच्या भोंग्याला जॉबने तुझ्या फ्रेमवर गोल काढला आणि जेवायला गेला. तो आलाच नाही. हुडहुडी भरली म्हणून त्याला तसंच घरी नेलं. फ्रेम कुणीतरी बाकीच्या फ्रेमांबरोबर रंगखात्यात आणून टांगली. काळ्या रंगात बुडवण्याआधी प्रत्येक फ्रेम टर्पेंटाइनने पुसायचं काम माझं.

मी गोल पाहिला. साहेब दारातून ओरडले, "ॲडा, ती शर्यतीची झाली का? उद्या रंगाच्या भट्टीतून निघालीच पाहिजे!" मी म्हटलं, "होतेय." सांध्याच्या वरच्या कडेला पितळ चमकत होतं. मनाला म्हटलं, जॉबने काम पुरं केलं असेल, पुसायचं विसरला असेल. आणि पुसलं.

काल संध्याकाळी जॉबला विचारलं. त्याची बायको म्हणत होती त्याला बोलवू नका, पण तो उशीवरून मान उचलून म्हणाला, "गोल होता ना? मग विचारतेस काय, पोरी? खालची बाजू कोरडी आहे. नुसत्या खिळ्यावर उभी आहे ती." मग त्याने विचारलं, "का, कुठे आहे ती?" मी म्हटलं, खुंटीवर. तापाच्या माणसाला काय सांगणार?

आता खरंच सगळं सांगितलं, असं म्हणून इथे सही करणार होते. पण तू यावरही विश्वास ठेवणार नाहीस. म्हणशील, ॲडीला गोष्टी रचता येतात. म्हणून जे कुणी रचणार नाही ते लिहिते.

"ती शर्यतीची" असं साहेब म्हणाले तेव्हा ती तुझी हे मला कळलं. हातात चिंधी होती. आणि मला सिडनी आठवला. आमच्या लग्नाची तारीख ठरली होती, आणि तू त्याला साइडकारमध्ये बसवून त्या टेकडीवरच्या शर्यतीत घेऊन गेलास. तू पायावर चालत परत आलास आणि त्याला चौघांनी उचलून आणलं. चार वर्षं मी रोज या गाड्यांच्या टाक्यांवर सोनेरी रेघा ओढतेय, आणि त्या गाड्यांवर बसून तुझे फोटो छापून येतात. त्या अर्ध्या क्षणात मला वाटलं, असू दे. काय व्हायचं ते त्याचं होऊ दे. मग मी चिंधी फिरवली.

जॉबने काम पुरं केलं असेल हा विचार मागाहून आला. आधी हा आला होता. वर मी क्रम उलटा लिहिला.

गाडी शनिवारी पेटीत भरली तेव्हा मी तिथेच उभी होते. "थांबा" हा एकच शब्द होता, तो माझ्या तोंडून निघाला नाही, कारण मग "का" असं विचारलं असतं. तेवीस माणसांच्या समोर मला "का" चं उत्तर द्यावं लागलं असतं.

माझ्यावर राग धर. जन्मभर बोलू नकोस. पण हॉरिस, त्या गाडीवर बसू नकोस. मी तुझ्या पाया पडते.

ॲडा


डग्लस, आयल ऑफ मॅन
गुरुवार, १९ जून

ॲडी,

तुझं पहिलं पत्र मी वाचून फाडून टाकलं होतं. मंगळवारी आणि काल सकाळी मी त्या नव्या गाडीवर दोन-दोन फेऱ्या मारल्या. डोंगरावरून उतरताना हँडल किंचित सैल वाटलं, मी टायरला दोष दिला. हे तुला कळायला हवं.

दुसरं पत्र आज न्याहारीला आलं. घरमालकिणीने चहाच्या भांड्याला टेकवून ठेवलं होतं. वाचलं आणि पहिल्यांदा एवढा संताप आला, की वाटलं त्याच गाडीवर जिंकून दाखवावं तुला. मग हातोडी घेऊन शेडमध्ये गेलो. वरचा सांधा खणखणीत वाजला. तुझा सांधा बद्द वाजला, फुटक्या मडक्यासारखा.

ब्रॅडनॉकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण म्हणतं?"

"माझी बहीण."

"तीच ना, तारवाली?" सगळे हसले. इंजिनवाला म्हणाला, "या खेपेला आईला सर्दी झाली असेल!" मी हसलो नाही, म्हणून ते आणखी हसले. साहेब समजुतीने म्हणाले, "हॉरिस, शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचे पाय लटपटतात. त्यात लाज नाही. राखीव स्वाराला बसवू." तो समोरच उभा होता, दस्ताने हातात घेऊन. एकवीस वर्षांचा आहे. गेल्याच महिन्यात त्याचं लग्न झालंय.

मी पाना उचलला. पुढचं चाक काढलं, हँडलच्या नळीत लोखंडी पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. फार जोर लागला नाही. खिळा तुटला आणि नळी दात उपटावा तशी बाहेर आली. खालच्या अर्ध्या भागात पितळाचा थेंब नव्हता. राखीव स्वाराने हातातले दस्ताने खाली ठेवले.

साहेब पेटीवर बसले. मग त्यांनी शर्यतीतून नाव काढून घेतलं. नाताळाचं ते म्हणाले होते तसंच होणार, ॲडी, आता त्यात बदल नाही. जाताना त्यांनी विचारलं, "ती फ्रेम बुडवली कुणी?" मी तुझं नाव सांगितलं. गोल पाहून पुसला हेही सांगितलं. का पुसला ते सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, तू ठरव. सोमवारी ते तुला बोलावतील. तू दारातून आत जा. मागच्या गल्लीतून पळू नकोस.

आता तुझ्या त्या ओळींबद्दल. मी त्या चार वेळा वाचल्या. माफ करता येईल असं त्यात काही नाही, आणि मी केलेलंही नाही. पण सिडनी गेल्यापासून सगळे मला म्हणतात, रस्ता ओला होता, तुझा काय दोष. आई म्हणते. पाद्रीबुवा म्हणाले. तू काही म्हणाली नाहीस, नुसतं बोलणं बंद केलंस, आणि सगळ्यांत फक्त तुझंच बरोबर होतं. आमची खूण ठरली होती: त्याने माझ्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली की हळू घ्यायचं. त्या वळणाच्या आधी त्याने दोनदा मारली. मग पुन्हा दोनदा. पुढच्या गाडीचं मागचं चाक मला दिसत होतं, ॲडी, आणि मी वेग कमी केला नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याने काही खूण केली नव्हती.

तू माझं वाईट चिंतलंस, पण शेवटी तोंड उघडलंस. मी त्याचं काही वाईट चिंतलं नव्हतं, तरी तो मेला. यात कोण बरं, कोण वाईट, मला हिशेब जमत नाही आणि तूही मांडत बसू नकोस.

उद्याची शर्यत मी लोकांत उभा राहून बघणार. शनिवारच्या बोटीने निघतो, संध्याकाळी घरी येईन. मी येतोय हे आईला आत्ताच सांगू नकोस, रडून पाय दुखवून घेईल. हे वाचून दार लावून घ्यावंसं वाटलं तर लाव, मी समजेन. तरी मी पायरीवर बसेन. उत्तर पाठवू नकोस, ते मला इथे मिळणार नाही.

जिवंत आहे,
हॉरिस