रत्नमालाच्या पेटीचा भाता

मी, केवलराम याकोब बोरकर, सेवानिवृत्त पोलाद कारखाना कर्मचारी, राहणार रिसाली, भिलाई, जिल्हा दुर्ग, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुर्गच्या वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात चूक काही नव्हती, पण पत्नी रत्नमाला हिच्या बाजाच्या पेटीसाठी एकच ओळ होती. म्हणून स्वतः लिहायला बसलो.

१. रिसालीचे घर मुलगा भूपेंद्र आणि मुलगी रेणू यांना समान हिश्शाने द्यावे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी ठरवावे. ठरवायला एकमेकांशी बोलावे लागेल, याची मला कल्पना आहे.

२. पोस्टातील बचतही तशीच वाटावी. माझे कपडे आणि सायकल ज्याला उपयोग असेल त्याला द्यावी.

३. माझा चार्जिंगचा दिवा आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार मारोतराव यांना द्यावा. मंडळीने कीबोर्ड घेतला तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीच्या पेटीला ‘डब्बा’ म्हटले होते. ते मी विसरलेलो नाही. नाताळच्या उपासनेत वीज गेली, कीबोर्ड बंद पडला आणि रत्नमालाने डब्ब्यावरच पुढचे कडवे उचलले. तेव्हा सर्वांत मोठ्याने मारोतरावच गात होते. तेही विसरलेलो नाही. दिवा चांगला आहे.

४. आता पेटी. ती माझी पत्नी कै. रत्नमाला हिला तिच्या वडिलांनी लग्नात दिली. ती या घरात आली त्या दिवसापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी प्रभूचे गीत झाले. घरात पाहुणे असोत, मूल तापलेले असो, मी पहाटेची फर्स्ट शिफ्ट करून झोपलेलो असो. मी कधी गायलो नाही. माझा आवाज तसा नाही आणि स्वभावही. ती म्हणायची, “तुमी नुसते बसा. देवाले माहीत आहे कोण काहून बसलं आहे ते.”

तिला लकवा झाला तेव्हा डावा हात गेला. उजवा पट्ट्यांवर चालत होता, पण भाता कोण ओढणार? मी समोर बसलो आणि भाता धरला. माझी सगळी नोकरी भट्टीला हवा पुरवणाऱ्या विभागात झाली. तिथे हवेचा दाब क्षणभरही पडू द्यायचा नसतो. मला तेवढेच येत होते, तेच मी केले. त्या संध्याकाळी मंडळी आमच्या घरी प्रार्थनेला जमली होती. सूर कुठेच उतरेना, त्यामुळे कोणाला थांबता येईना. शेजारचे गुलाबराव आमच्या मंडळीचे नाहीत, पण झांज वाजवायला दरवेळी येतात. ते तर गाता गाता खोकायलाच लागले. रत्नमालाने हात थांबवला. तिची जीभ तेव्हा जड झाली होती, तरी सगळ्यांना ऐकू गेले.

“भट्टीले हवा देऊन राहिले का तुमी? माणसं आहेत थे. त्याईले दम घेऊ द्या.”

गुलाबराव म्हणाले, “वहिनी, आजच्या आज आमाले गाळून लोखंड काढत होते हे.”

सगळे हसले, मीही हसलो. पुढे मी शिकलो. ओळ संपत आली की लोकांच्या छातीकडे पाहायचे, भाता हलका धरायचा, ते श्वास घेतात, मग पुन्हा हवा द्यायची. शेवटची वर्षे आम्ही समोरासमोर बसून अशी उपासना केली. गाणे तिचे, हवा माझी. मला स्तुती करता येत नाही असे मी जन्मभर समजत होतो. देवाने या वयात ती माझ्या हाताला दिली, त्याबद्दल त्याचे आभार. तिचेही.

५. तिच्या दफनाच्या दिवशी माझा हात भात्याकडे उचलला गेला नाही. भूपेंद्रने ते पाहिले आणि कबरीपाशी मोबाइल जोडून स्पीकरवर गीत लावले. रेणूने तो बंद केला. ती म्हणाली, “आईले मोबाइलवर पाठवून राहिला का?” तो म्हणाला, “मंग गाणार कोण होतं? तू? तुले तर बोलताही येऊन नव्हतं राहिलं.” तेव्हापासून त्या दोघांच्या घरांत, नेहरू नगर आणि दुर्ग यांच्यात, बोलणे नाही. भूपेंद्रला मला सांभाळायचे होते, रेणूला आईचे गाणे. दोघांवर माझा राग नाही.

भूपेंद्रला पेटी आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवायची आहे. रेणूला ती वाजवायची आहे. मी ती दोघांना मिळून देत आहे. ती विकू नये, काचेत ठेवू नये. पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नये, भात्याच्या घड्या चिकटतात. रविवारच्या मराठी उपासनेत रेणूने वाजवावी आणि भूपेंद्रने समोर बसून भाता द्यावा. रेणूचे दोन्ही हात धड आहेत, तिला भात्यासाठी कोणी लागत नाही, हे मला कळते. तरी माझी इच्छा हीच आहे. दोघांपैकी एकानेही नकार दिला तर पेटी मंडळीची होईल.

६. सुरुवात माझ्या दफनापासून करावी. मला रत्नमालाशेजारी ठेवावे. स्पीकर नको, भाषण नको. पेटी कबरीपाशी न्यावी. रेणू, रडू आले तरी सूर सोडू नकोस. भूपेंद्र, तू माझ्याकडे पाहू नकोस, लोकांकडे पाहा. ओळ संपली की भाता हलका धर. त्यांना दम घेऊ दे. तुझी बहीणही त्याच वेळी श्वास घेईल. मग पुढच्या ओळीला हवा दे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांसमोर सही केली. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्ष देऊ नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून गुलाबरावांना झांज आज सकाळीच देऊन टाकली.

सही: केवलराम याकोब बोरकर

साक्षीदार:
१. गुलाबराव पटले, शेजारी, रिसाली
२. शेवंता रणदिवे, मंडळीच्या सभासद, सुपेला

ठिकाण: भिलाई, छत्तीसगड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३