साठ दातांचं पातं आणि सासरेबुवांचा कोनाडा

ती. साडूभाऊ यांना नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईंचा संताप, दोन्ही उतरणीला लागले असतील असं धरून चालतो.

आमच्याकडे गेला आठवडाभर चहा भुशाशिवाय मिळत नाही. एवढ्या घोर अन्यायाची दाद मागायची तर ज्यांच्या करवतीने तो झाला त्यांच्याकडेच, म्हणून हे पत्र.

सासरेबुवा तुमच्याकडून आमच्याकडे राहायला यायचे होते, पण "आधी खोली बघीन, मग बोलेन" म्हणाले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ("चार दिवसांत परत येतील" हे तुमचं बोलणंही इथवर ऐकू आलं.) हिचा सगळा जीव त्या खोलीत अडकलेला. भिंतीला पोपडे धरलेले, म्हणून मी तिला लाकडी फळ्या लावायला घेतल्या. तुमची विजेवरची करवत झकास, पण पात्याला दात चोवीस. पहिल्या फळीची कड अशी निघाली, जणू उंदरांनी वाटणी करून खाल्ली. मी फळीला दोष दिला, विजेला दिला, थोडा तुम्हालाही दिला. शेवटी साठ दातांचं पातं आणलं. त्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरं हिने वाचली ("अहो, चष्मा कपाळावर ठेवून लाकूड दिसत नसतं!"): दात जास्त तितका काप साफ, आणि फळीची देखणी बाजू खाली. म्हणजे कुसळं निघाली तरी पाठीकडे निघतात. खरं सांगतो, गालावरून फिरवावी अशी कड आली.

त्याच तोऱ्यात बटणांच्या बोर्डासाठी चौकोन कापला. माप अचूक, पण आखलं पालथ्या फळीच्या पाठीवर. फळी सुलट केली, डावं ते उजवं झालं. खिळे ठोकून दोन पावलं मागे सरलो, तर बोर्ड फळीआड गडप आणि चौकोन पलंगाच्या उशाशी, लोण्यात कापल्यासारखा सुबक! "बाबा उद्या येतायत हो," एवढंच ही म्हणाली. मी भोकाच्या तळाला एक पट्टी बसवली.

सासरेबुवा आले, पलंगावर बसले. कडेवरून अंगठा फिरवला. एकही कुसळ लागेना. मग चष्मा काढून त्या भोकात ठेवला. "जावईबापू, उशाशी कोनाडा केलात! थोरल्याकडे चष्मा उशीखाली ठेवावा लागतो, दोनदा काडी मोडली." मी विनयाने मान खाली घातली (तोंड लपवायला दुसरी सोय नव्हती). ही स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी वाजवू लागली, म्हणजे खूश आहे.

त्यांचं उरलेलं सामान पाठवून द्यावं.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. बटणं अजून फळीमागेच आहेत. रोज झोपायच्या वेळी मी स्टुलावर चढून फडक्याने बल्ब काढतो; सासरेबुवा याला सेवा समजतात. तेव्हा करवत आणखी आठवडाभर राहू द्या.

आणि हो, सोबतच्या डब्यात चोवीस दातांचं कोरं पातं आहे. तुमच्या पात्याला एका खिळ्याने एकोणीसवर आणलं. ताईंना सांगायची गरज नाही.