इंजिन अगदी नव्यासारखं

ती. मामांना नमस्कार. साष्टांग घालता येत नाही, कारण तुमच्या बोटीच्या इंजिनाच्या कप्प्यात माणूस एका वेळी फार तर तीन अंगांनी आडवा होऊ शकतो, आणि त्यातलं एक बॅटरीवर येतं. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा रक्तदाब? माझी प्रकृती ठीक. उजव्या हाताची तीन बोटं सोलली आहेत, पण लिहायला अडत नाही (मी डावखुरी आहे. दर वाढदिवसाला मला उजव्या हाताची कात्री देणाऱ्याला हे नव्याने सांगावं लागतं).

पत्राचं कारण असं. तुम्ही फोनवर म्हणालात, "आता शिडी उतरवत नाही गं, बोट दाताच्या डॉक्टरांना द्यायचं ठरवलंय. महिनाअखेरीस बघायला येतील. तू इंजिनीअर ना, जरा इंजिनावरून हात फिरव." मी तीन आठवडे हात फिरवते आहे. शिवाय "इंजिन अगदी नव्यासारखं आहे" असं तुम्ही डॉक्टरांना सांगितल्याचं मला त्यांच्याच तोंडून कळलं. मामा, ते इंजिन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं आहे.

सुरुवात तेलापासून केली. तेल मोजायची पट्टी जागेवर नव्हती. तिथे स्वेटर विणायची सुई होती, नऊ नंबरची, आणि तेल जिथपर्यंत हवं तिथे लाल नेलपॉलिशची खूण. (मामी ही सुई बारा वर्षं शोधताहेत आणि त्यांचा संशय माझ्या आईवर आहे. नणंद-भावजयींच्या अबोल्याचं निदान एक कारण मला इंजिनात सापडलं.) मी मूळ पट्टी मागवली आणि तुमची खूण तिच्याशी ताडून पाहिली. फरक अर्धा मिलिमीटर. ती चुकीची निघाली असती तर मला इतका राग आला नसता.

मग पाणी. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा जो पंप आहे, त्यात रबरी इंपेलर फिरत असतो आणि त्याला सहा पाती असतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुटलेली पाती पुढे कुठेतरी जाऊन बसतात, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही नवा इंपेलर बसवलात आणि जुन्याची पाती देवाघरी गेली असं समजून चाललात. ती कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी मुक्कामाला होती. मी चिमट्याने एकेक काढली, धुतली आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. चौदा भरली. म्हणजे कमीत कमी तीन इंपेलर. तुमच्या वहीत मात्र इंपेलर बदलल्याची एकच नोंद आहे. बाकी पानोपानी "आज इंजिन खूश". मामा, इंजिन खूश नसतं. ते एका ठरावीक तापमानाला असतं.

धक्क्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. (काहीही सांगा, "होईल" म्हणतात, त्यामुळे त्यांचं नावच 'होईल' पडलं आहे. कधी होईल हे कुणालाच माहीत नाही.) ते कप्प्यात डोकावले आणि म्हणाले, "ताई, हिला इतकं मोजूनमापून नका बघू. तुमचे मामा निघताना हिच्या झाकणावर दोन थापा मारायचे."

"कशासाठी?"

"चालायची ना."

(तुमच्या थापा मला लहानपणापासून परिचित आहेत. इंजिनालाही त्या चालत होत्या, हे नवीन.)

शनिवारी दाताचे डॉक्टर आले. पांढऱ्या बुटांत. मी त्यांच्या हातात यादी दिली: एकतीस दोष, प्रत्येकापुढे कारण, उपाय आणि लागणारे तास. पहिलं पान त्यांनी वाचलं, दुसरं नुसतं उलटलं. मग म्हणाले, "हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे का?" मी म्हटलं, "आहे. पण बत्तिसावा निघणार नाही असं मी लिहून देणार नाही." त्यांनी विचारलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, "काळे बूट घातले असते." विचार करून कळवतो म्हणाले. जाताना उजव्या टाचेला तेल लागलं होतं, तेही मी त्यांना दाखवलं, कारण दाखवणं योग्य होतं.

मी एक अक्षर खोटं बोललेली नाही. उद्या व्यवहार मोडला तर बोल मला लावायचा नाही. जाहिरात तुमची, यादी माझी. लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा ते लोक ठरवतील.

मामींना नमस्कार. सुई वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे. कुठे सापडली ते तुम्हीच सांगा, मी त्यात पडणार नाही.

तुमची भाची

ता. क. चौदा पात्यांचा आकडा बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्यातली पाच माझी. बोटीची किल्ली तुम्ही समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या वॉल्व्हच्या दांड्याला टांगायचात. मला तो अजागळपणा वाटला, म्हणून मी दाराशी खिळा ठोकून खाली 'किल्ली' अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्याच दिवशी किल्ली घेतली, फिरवली, आणि वॉल्व्ह बंद होता. पंप कोरडा, पन्नास सेकंदं, नवा कोरा इंपेलर. त्याची पाती शोधायला म्हणून कूलर उघडला तेव्हा तुमची नऊ भेटली. त्यावरून तुमचे इंपेलर निदान दोन ठरतात, तीन नाहीत. दुरुस्ती करून घ्यावी. किल्ली तिथे टांगायची ती आधी वॉल्व्ह उघडायची आठवण राहावी म्हणून, हे वहीत कुठेही लिहिलेलं नाही, ही तक्रार मात्र कायम आहे. खिळा काढला.

ता. ता. क. यादीचं शीर्षक 'आढळलेले दोष' असं होतं. त्यातले सव्वीस डॉक्टर यायच्या आधीच दुरुस्त झाले होते. आता किती उरलेत, हे त्यांनी विचारलं नाही. काल मी एकटीच धक्क्यापासून दीपस्तंभापर्यंत जाऊन आले. चाळीस मिनिटं, तापमान ब्याऐंशीवर, काटा हलला नाही.

आणखी एक. डॉक्टर अजूनही हो म्हणाले, तर तुम्ही नाही म्हणा. बोट मला हवी आहे. का ते विचारू नका, कारण तांत्रिक नाही.